अडून बसणारी स्क्रिप्ट

माझ्या वहिनीसमोर "चालतंय की" म्हणायची सोय नाही. नळ थोडा गळतो, चालतंय की. कडी जरा अडकते, चालतंय की. आमच्या घरात हे शब्द वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. ही लग्न होऊन आली आणि पहिल्याच महिन्यात तिने त्यांना घराबाहेर काढलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, बस चालवतो. स्वभावाने इतका थंड की कुणी अंगावर धावून आला तरी हा बाजूला सरकून त्याला वाट करून देईल. त्याने एकदाच धीर करून म्हटलं, "अगं, एवढं काय, चालतंय की." तिने वर न बघताच विचारलं, "बसच्या ब्रेकचंही असंच म्हणता का?"

मी तिची नणंद. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे, त्यामुळे माहेरी माझी रोजची फेरी. आमचं दोघींचं फारसं जमत नाही आणि ते लपवायची गरज मला कधी वाटली नाही. मी तोंडाची फटकळ. मनात आलं की ओठावर आलंच. ती चिडली की बोलायचीच बंद होते, आणि मग भांडी किती जोरात आपटतात त्यावरून तिचा पारा किती चढलाय ते आपण ओळखायचं. तरी ही हकीगत मीच सांगते आहे. ती सांगणार नाही, दादा "जाऊ दे" म्हणेल, आणि माझ्या अंगाचा मात्र आठवलं की आजही तिळपापड होतो.

वहिनी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. चपलांच्या दुकानावर दोन खोल्या, एसीचं पाणी ठिबकायला खाली बादली, आणि भिंतीवर "उद्या आजच घडतो" असली काहीतरी पाटी. तिथे स्मार्ट काँट्रॅक्ट लिहायचं काम चालायचं. म्हणजे करारच, पण प्रोग्रॅम म्हणून लिहिलेला. तो ब्लॉकचेनवर चढवला की एकाच वेळी जगभरच्या कॉम्प्युटरांवर जाऊन बसतो आणि मग त्यातला काना-मात्राही कुणाला बदलता येत नाही. लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. त्याचं म्हणे हेच मोठेपण.

आता माणसाने लिहिलेला करार यंत्राला वाचता येत नाही. मधे कंपायलर लागतो, तो माणसाचं लिहिणं यंत्राच्या भाषेत आणतो. हा कंपायलर जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एक तयार पॅकेज म्हणून मिळतो, आणि तो हाताने चालवत बसण्यापेक्षा वहिनीने त्यावर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. स्क्रिप्ट कराराची फाइल उचलायची, पॅकेजच्या स्वाधीन करायची, त्याने दिलेल्या उत्तरातून तयार माल, म्हणजे यंत्राच्या भाषेतला करार, काढायची आणि एका फोल्डरमध्ये ठेवायची. त्या फोल्डरमधून तो ब्लॉकचेनवर जायचा. ऑफिसातल्या बाकीच्यांना एक बटण दाबायचं, एवढंच काम. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतो, मापावरून साचा, साच्यावरून कवळी. म्हणून मला हे लगेच कळलं.

पण त्या पॅकेजची एक खोड तिने मला सांगितली होती, आणि पुढचं सगळं त्या खोडीवरच आहे. कराराच्या लिखाणात चूक असली तरी ते ओरडत नाही, थांबत नाही. शहाण्यासारखं उत्तर परत देतं. त्या उत्तरात 'चुका' नावाचा एक रकाना असतो. "इथे एक शब्द उगाच लिहिलाय" अशी बारीक सूचनाही त्यात, आणि "हे मला करता आलेलं नाही" असा साफ नकारही त्यातच. तो रकाना उघडून पाहिला नाही, तर नकार मिळालाय हे आपल्याला कळतच नाही.

"मुकाट्याने नाही म्हणतं ते," वहिनी म्हणाली होती. "नाही म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे आपणच बघायला हवं."

म्हणून तिची स्क्रिप्ट तिच्यासारखीच होती. आधी फोल्डरमधला जुना माल झाडून काढायची, मग कंपायलरला हाक मारायची, आणि उत्तरातल्या त्या रकान्यात एक ओळ जरी दिसली तरी लाल अक्षरं दाखवून अडून बसायची. सूचना असो की नकार, हिच्या लेखी सगळं सारखंच. ऑफिसातले लोक तिला टोलनाका म्हणायचे. "टोलनाका आज सोडतोय का?" असं एकमेकांना विचारायचे. वहिनीला ते माहीत होतं, आणि मला वाटतं थोडं आवडतही होतं.

आता आमच्या घराचं सांगते. आम्ही राहत होतो ती इमारत धोकादायक ठरली, पाडली, आणि सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या खोल्यांत विखुरली. त्याच जागेवर नवी चार मजली इमारत उभी राहिली. तिच्यात लिफ्टसाठी खड्डा ठेवलाय. खड्डाच. लिफ्ट "पुढे बघू". कुणाला कुठला मजला हे सोडतीने ठरायचं होतं. पण आमच्या सोसायटीत मागे गाड्यांच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा काही चिठ्ठ्या वेगळ्या घडीच्या निघाल्या आणि लोक एकमेकांचे गळे धरायचे तेवढे बाकी राहिले होते. त्यामुळे चिठ्ठ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. वहिनी सभेत उठून म्हणाली, "सोडत ब्लॉकचेनवर करा. कुणाला हात घालता येणार नाही." लोकांनी मान्य केलं, आणि काम तिच्याच ऑफिसला गेलं.

तिने करार लिहिला. सरळ सोडत, सगळ्यांना सारखी. तो ऑफिसात कंपाइल झाला, चाचण्या झाल्या, माल फोल्डरमध्ये तयार होऊन बसला.

मग आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत स्क्रू घातले, हातात वॉकर आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यापुढे जिना नाही." वहिनी पुन्हा सभेत उभी राहिली. तळमजल्याच्या घरांची सोडत आधी अशा बिऱ्हाडांमध्ये करावी जिथे कुणाला जिना चढता येत नाही, आणि उरलेली मग सगळ्यांत. "सासूसाठी गळा काढतेय," असं मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी पुटपुटलं. ती वळली आणि म्हणाली, "हो, सासूसाठीच. तुमच्या घरात कुणी म्हातारं होणार नाहीये का?" आमच्याशिवाय अशी दोनच घरं होती. सगळ्यांनी हात वर केले. सेक्रेटरींनीसुद्धा. नियम मंजूर झाला, वहिनीने करारात तो लिहिला, घरच्या लॅपटॉपवर पुन्हा सगळं तपासलं आणि फाइल ऑफिसात नेऊन दिली. आईला तळमजला मिळणार हे आमच्या घरात आता ठरल्यासारखंच होतं. जुन्या जागेतल्या कुंड्या टाकू नकोस, असं तिने मला दोनदा बजावलं.

याच सुमारास वहिनीच्या साहेबांनी आपल्या जावयाला ऑफिसात आणलं. त्याचं पद काय होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही त्याला जावईबापूच म्हणू. जावईबापूंना वेगाची भारी हौस. आल्या आल्या त्यांना वहिनीची स्क्रिप्ट डोळ्यांत खुपली. एवढ्यातेवढ्यावर अडते, प्रत्येक वेळी फोल्डर रिकामा करत बसते, पॅकेजही जुनंच वापरते. त्यांनी तीन सुधारणा केल्या. पॅकेजचं ताजं व्हर्जन आणलं. फोल्डर झाडायची ओळ काढली. आणि चुकांच्या रकान्याकडे बघूच नको, असं स्क्रिप्टला सांगून टाकलं. वहिनीला यातलं अक्षर कळवलं नाही. कशाला कळवतील? टोलनाक्याला कोणी विचारून टोल बंद करतो का?

करार चढवायचा तो दिवस आणि आईच्या एक्स-रेचा दिवस एकच आला. वहिनीने रजा घेतली. मीही बरोबर होते. एक्स-रेच्या खोलीबाहेर आई वॉकरला धरून बसली होती आणि वहिनी कोपऱ्यात फोनवर.

"लाल काही आलं का?" तिने विचारलं.

पलीकडून जावईबापूंचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो खुशीत होता. "काही नाही, मॅडम. सगळं हिरवं. एका झटक्यात झालं."

"एक सूचनासुद्धा नाही?"

"अहो, हिरवं म्हणजे हिरवं! तुम्ही आईंकडे बघा."

तिने फोन ठेवला, पण कपाळावरची आठी गेली नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, तुला कुणी चांगली बातमी दिली तरी तू तिला पावती मागशील." ती हसली नाही. तेवढ्यात आईचा नंबर लागला.

सोडतीला एका शाळेचा हॉल घेतला होता. पडद्यावर एकेक बिऱ्हाड आणि त्यापुढे मजला उमटत होता. तळमजल्याचं पहिलं घर सेक्रेटरींना लागलं. कोपऱ्यातलं, दोन्हीकडून उजेडाचं. मी म्हटलं, असेल, जिना न चढणारी बिऱ्हाडं संपली की उरलेली घरं सगळ्यांत ना. पण अजून आमचं नाव यायचंच होतं. मी वहिनीकडे पाहिलं. ती खुर्चीत पुढे सरकली होती. दुसरं तळमजल्याचं घर टेलरकाकांना. जुन्या इमारतीत ते आमच्या शेजारी राहायचे, अजून धडधाकट, दिवसभर मशीनवर पाय चालवणारे. मग आमचं नाव आलं. चौथा मजला.

आई शेजारीच होती. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग वॉकरकडे, मग म्हणाली, "चौथा म्हणजे सगळ्यात वरचा ना गं?"

टाळ्या चालूच होत्या. लोक एकमेकांना घरं विचारत होते. कुणाला नियमाची आठवणसुद्धा नव्हती. ज्या दोन घरांचा उल्लेख केला त्यातल्या एकाला नशिबाने तळमजलाच लागला होता, आणि दुसऱ्या घरातले आजोबा महिन्यापूर्वीच गेले होते. म्हणजे ठेच लागली ती एकट्या आम्हाला, आणि एकट्याची ठेच कुणाला ऐकू येत नाही. उलट मागून एकीने आवाज दिला, "सुनेचंच ऑफिस ना? मग?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर वहिनीने साडीही बदलली नाही. ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ब्लॉकचेनवर चढलेला माल सगळ्या जगाला बघता येतो. तिने तो उतरवून घेतला. मग जुना, नियम नसलेला करार कंपाइल केला आणि शेजारी ठेवून पाहिला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. नवा कंपाइल करून पाहिला. जुळला नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांनी जुनाच करार चढवला, ताई."

कसा, ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला पाच मिनिटांत सापडलं. नव्या कराराच्या पहिल्याच ओळीत तिने लिहिलं होतं की हा कंपायलरच्या अमुक व्हर्जननेच कंपाइल व्हावा, दुसऱ्या नाही. जावईबापूंनी पॅकेज बदललेलं. कंपायलरने ती ओळ वाचली आणि नकार दिला. तो नकार रकान्यात गेला, आणि रकाना बघायचा नाही असं ठरलेलं होतं. नवा माल तयारच झाला नाही. फोल्डर झाडलेला नव्हता, त्यामुळे आत जुना माल तसाच बसला होता. स्क्रिप्टने तोच उचलला आणि वर हिरवी खूण दाखवली. माझ्या प्रयोगशाळेत एका पेशंटचं नवं माप खराब निघालं म्हणून कोणी गुपचूप मागच्या खेपेची कवळी पाठवून दिली, तर मालक त्याला दारातून आत घेणार नाही. इथे जावईबापू फिरत्या खुर्चीत बसून होते.

"बहुतेक सगळ्या वॉर्निंगच असतात त्यात," ते वहिनीला म्हणाले. "त्यात एक एरर असेल हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

"म्हणूनच बघायचं असतं," वहिनी म्हणाली.

"बटण हिरवं झालं होतं, मॅडम."

साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं, चहा मागवला आणि गुळमुळीत बोलायला लागले. चूक कुणाची हे महत्त्वाचं नाही. कंपनीचं नाव महत्त्वाचं. सोसायटीला एवढंच सांगायचं की नियम उशिरा आला, त्यामुळे करारात घेता आला नाही.

"नियम वेळेत आला होता," वहिनी म्हणाली. "मी तो लिहिला होता."

"तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात," साहेब म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "हेही लोकांना सांगावं लागेल मग."

अशी ही माणसं. सासूला एक्स-रेला नेलं म्हणून सासूचं घर गेलं, असा हिशोब तिच्या तोंडावर मांडायला यांना लाज वाटली नाही. सभेत तोंड उघडलंत तर परत इकडे येऊ नका, असंही शेवटी सांगून झालं. वहिनीने चहाला हात लावला नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चपलांच्या दुकानासमोरून चालत घरी आली. त्या संध्याकाळी आमच्याकडे भांडी अशी आपटत होती की शेजारच्या खोलीतली बाई विचारायला आली.

सोसायटीची सभा रविवारी झाली. वहिनीने लॅपटॉप पडद्याला जोडला. जुना करार सगळ्यांसमोर कंपाइल केला, तो चढलेल्याशी जुळतो हे दाखवलं. नवा कंपाइल केला, तो जुळत नाही हे दाखवलं. नियम सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला होता हेही सांगितलं. सगळं स्वच्छ होतं. शाळेतल्या पोरालाही कळावं असं.

आणि कळलंही. तेच तर सांगते. लोकांना कळलं नसतं तर मला इतका संताप आला नसता.

सेक्रेटरी उठले. "चूक झाली हे दिसतंय," ते म्हणाले. "पण आता यात बदल करता येतो का?"

"चढलेला करार बदलता येत नाही," वहिनी म्हणाली. "पण नवा चढवता येतो. सोसायटीने जुना रद्द धरला आणि सोडत पुन्हा घेतली, तर."

"म्हणजे बदलता येतो!" सेक्रेटरी सभेकडे वळले. "मग तुम्हीच तर सांगितलं होतंत ना, कुणाला हात घालता येणार नाही म्हणून? आता तुमच्या घरावर आलं तर हात घालायचा?"

हॉल हसला. वहिनीचं तोंड उघडं राहिलं. ती खरं बोलणारी बाई आहे, आणि खरं बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दात पकडलं की तो क्षणभर गप्प होतो. तेवढा क्षण सेक्रेटरींना पुरला. कुणी म्हणालं, आम्ही नव्या घराचे पडदे शिवायला टाकलेत. कुणी म्हणालं, चूक ऑफिसची, भोगायचं आम्ही का? एक जण तर आईला बघून गोड हसला आणि म्हणाला, "आजी, वर हवा छान लागेल."

मी खुर्चीवर चढले. खरोखर चढले. "हवा खायला ती वर जाणार कशी, तुझ्या पाठीवर बसून?" मी ओरडले. "ज्या हातांनी नियम मंजूर केलात तेच हात आता खिशात का गेले? कोपऱ्यातलं घर लागल्यावर यांना करार पवित्र वाटायला लागला! नियम झाला तेव्हा काय झोपेत हात वर केले होतेत?" दादा माझा हात ओढत होता. "जाऊ दे, उतर, जाऊ दे." मी त्यालाही सोडलं नाही. "तुझी आई आहे ती! तू तरी बोल!" त्याचे कान लाल झाले होते. मग मत घेतलं. पुन्हा सोडत घ्यावी म्हणून वर आलेले हात बोटांवर मोजता आले असते.

त्या हातांत टेलरकाकांचा एक होता. सभा संपल्यावर ते दारापाशी आमच्याजवळ आले. टेलरकाकू त्यांच्या मागे उभ्या होत्या, पर्सची चेन उघडत आणि लावत.

"आजी, तुम्ही आमच्या घरात राहा," काका म्हणाले. "आम्ही तुमच्या चौथ्यावर जातो. आमचे पाय अजून चालतात."

काकांचे डोळे ओले होते. चांगला माणूस, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. अदलाबदल कागदोपत्री करता येईल का, म्हणून सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, घर ज्याच्या नावावर करारात लागलंय त्याच्याच नावावर राहणार, आणि करारात अदलाबदलीची सोय नाही. ते मात्र खरं होतं. ती सोय वहिनीनेच ठेवली नव्हती, कारण सोय ठेवली की दांडगे लोक गरिबांची घरं वर ढकलतील अशी तिला भीती होती. म्हणजे राहायचं ते काकांच्या मर्जीवर.

घरी आल्यावर वहिनी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "मला नको ते घर. तळमजला आईंचा हक्क होता. सगळ्यांनी मंजूर केलेला. आता तोच उपकार म्हणून घ्यायचा? रोज कुणाचे तरी आभार मानत राहायचं, आपल्याच गोष्टीसाठी?"

"मग काय करायचं?" दादाने विचारलं.

"भांडायचं. कोर्टात जाऊ. मी कंपाइल करून दाखवीन तिथेही."

माझं मत तिच्या बाजूने होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाजूला होतो. पण आई खाटेवरून म्हणाली, "तुम्हा दोघींचा राग चौथ्या मजल्यावर चढून जाईल गं. माझा पाय नाही जाणार."

आम्ही टेलरकाकांच्या घरात सामान लावलं. वहिनीने दुसरीकडे नोकरी धरली. तिथेही पहिल्या आठवड्यात तिने तीच स्क्रिप्ट लिहिली, फोल्डर झाडणारी, अडून बसणारी, आणि तिथल्या लोकांनीही तिला काहीतरी नाव ठेवलं असणारच. साहेबांची कंपनी जोरात चाललीये. जावईबापूंच्या केबिनला आता काचेचं दार आहे.

काकूंनी घराची एक किल्ली आपल्याकडे ठेवली आहे. "असावी एक," म्हणाल्या. भिंतीला खिळा ठोकू नका, स्वयंपाकघराचा रंग बदलू नका, खिडकीतल्या कुंड्यांनी ओल येते. दोन-चार दिवसांनी बाजारातून येताना त्या पिशवी टेकवायला आत येतात. चार मजले चढायचे असतात त्यांना, दम लागतो, त्यांचंही खोटं नाही. बेल वाजवत नाहीत. किल्ली फिरल्याचा आवाज येतो आणि दार उघडतं.

परवा मी तिथे होते. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, वहिनी तिच्या पायाला मलम चोळत होती. किल्ली फिरली. आईने वहिनीचा हात बाजूला केला, वॉकर पुढे ओढला, आणि ज्या पायात स्क्रू आहेत त्या पायावर भार देत हळूहळू उभी राहिली.

"आई, बसा ना," वहिनी म्हणाली. "तुम्हाला उठायचं नाहीये."

"असू दे गं," आई हळूच म्हणाली. "घर त्यांचं आहे."

आणि काकूंकडे बघून ती हसली. तसं हसताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. काकूंनी पिशवी ठेवली, घाम पुसला, भिंतींवरून एकदा नजर फिरवली. आई उभीच होती. त्या तिला कधीच बसा म्हणत नाहीत.